डोंगरावरील चार दिवस : शेतकऱ्याने चिखलदऱ्यास काय पाहावे

हवापालट व सहल ही शहरातील नोकरदार वर्गाची चैन होय, शेतकऱ्यास ती शोभत नाही, असा समज आपल्या मंडळींत फार दृढ आहे. शेतकरी रोजच उघड्यावर असतो. त्याने मोकळी हवा खाण्यासाठी पदरचे पैसे मोडून आणखी कोठे जावयाचे, असा प्रश्न आमच्या एका वृद्ध सभासदांनी आम्हांस बैठकीत सर्वांदेखत केला होता. त्या वेळी आम्हांस त्याचे नीट उत्तर देता आले नाही. पोळ्यास बैलाच्या खांद्यावरचे जू सुद्धा एक दिवस उतरते, एवढेच आम्ही म्हणालो, आणि मंडळी हसली. प्रस्तुत पाठ हे त्या प्रश्नाचे थोडे उशिरा दिलेले उत्तर समजावे.

शेतकरी उघड्यावर असतो हे खरे. पण त्याची दृष्टी बहुधा आपल्या धुऱ्याच्या आत असते. धुऱ्याबाहेरून आपल्या शेतात काय येते आणि शेतातून काय निघून जाते, याचा हिशेब फारच थोड्यांनी ठेवला आहे. विहिरीचे पाणी आपल्या शेतात लागले म्हणून ते आपल्याच शेतात उपजले असे आपण धरून चालतो. ही चूक खेड्यातीलच लोक करतात असे मात्र नव्हे. आमचे कार्यालय नागपुरास धंतोलीत आहे. तेथून थोडक्या अंतरावर नाग नदी वाहते. जिच्यावरून शहरास नाव पडले, तिला आज कोणी नाला म्हटले तर त्यास चूक म्हणवत नाही. ही नदी पश्चिमेस लावा गावाजवळच्या टेकड्यांत उगम पावते व अंबाझरी तलावावरून शहरात शिरते, हे धंतोलीतील कितीशा घरांत ठाऊक होते? सन २०२३ च्या सप्टेंबरच्या २३ तारखेस पहाटे काही तासांच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, आणि नदी कोठून येते हे शहरास अंधारात, कंबरभर पाण्यात उभे राहून शिकावे लागले. त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही काही मंडळी एका रविवारी लाव्याच्या बाजूस पायी फिरून आलो. त्या लहानशा फेरीतूनच पुढील मोठ्या सहलीची कल्पना निघाली. नदी जर उगमापाशी पाहावयाची, तर ज्या डोंगरातून वऱ्हाडच्या अर्ध्या मुलखाचे पाणी उतरते तो डोंगरच का पाहू नये?

तो डोंगर म्हणजे सातपुड्याची गाविलगड रांग, आणि तिच्या माथ्यावर सुमारे ३,६०० फूट उंचीवर वसलेले विदर्भातील एकमेव थंड हवेचे नगर म्हणजे चिखलदरा. भीमाने कीचकास मारून येथील दरीत टाकले, म्हणून कीचकदरा व त्याचे पुढे चिखलदरा झाले, अशी कथा सांगतात. सन १८२३ मध्ये हैदराबादच्या फौजेतील रॉबिन्सन नावाच्या इंग्रज कप्तानाने ही जागा प्रथम 'शोधली' असेही लिहिलेले आढळते. ज्या पठारावर गवळ्यांच्या म्हशी कित्येक शतके चरत होत्या ते पठार शोधले जाण्याची वाट पाहत होते, हे वाचून आम्हांस गंमत वाटते.

नागपूरहून अमरावती सुमारे १५० किलोमीटर, तेथून परतवाडा ५०, आणि पुढे घाटाने सुमारे ३० किलोमीटर असा हा रस्ता आहे. आगगाडीने येणाऱ्यांस बडनेरा स्थानक सोयीचे. पूर्वी मूर्तिजापूरपासून अचलपुरापर्यंत अरुंद रुळांची गाडी जात असे, तिला लोक प्रेमाने शकुंतला म्हणत. ती आता धावत नाही, त्यामुळे एस. टी. अथवा भाड्याची गाडी हाच उपाय. परतवाड्याहून वर जाण्यास दोन वाटा आहेत, एक घटांगवरून व दुसरी धामणगाव गढी व मोथा गावांवरून. जाताना एका वाटेने जावे व येताना दुसरीने यावे.

कधी जावे? आमचे मत असे की, शेतकऱ्याने येथे दोनदा जावे. एकदा पोळ्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत, जेव्हा निंदण आटोपलेले असते व सोयाबीन कापणीस आलेले नसते. आणि दुसऱ्यांदा माघात, कपाशीच्या शेवटच्या वेचणीच्या सुमारास. पहिल्या वेळी पाणी वाहताना दिसते, दुसऱ्या वेळी ते टिकलेले किंवा न टिकलेले दिसते. श्रावणातील शनिवार-रविवार मात्र कटाक्षाने टाळावे. त्या दिवसांत घाटात मोटारींची इतकी दाटी होते की, चिखलदऱ्यास आलेला मनुष्य पुढच्या मोटारीचा पार्श्वभाग पाहून परत जातो.

आमच्या मेळ्यात अकरा मंडळी होती, त्यांत चार स्त्रिया व दोन शाळकरी मुले. अचलपूर तालुक्यातील एक संत्रा बागायतदार आमच्या आग्रहाखातर आले होते. हे तेच वृद्ध गृहस्थ, ज्यांनी बैठकीत तो प्रश्न केला होता. येताना त्यांचे मन थाऱ्यावर नव्हते. त्यांची विहीर अलीकडे माघातच तळ दाखवू लागली होती, दोन बोअर कोरड्या गेल्या होत्या, आणि तिसरी घ्यावी की बागेतील अर्धी झाडे तोडावीत या विचारात ते वर्षभर होते. मुलगा बोअरच्या बाजूचा, सूनबाई झाडे न तोडण्याच्या बाजूची, आणि पैसे सोसायटीकडून काढावयाचे. घाट चढताना ते खिडकीबाहेर पाहत होते, पण धबधब्यांकडे नव्हे. रस्त्यासाठी कापलेल्या दरडीकडे.

त्यांचे पाहणे योग्य होते, आणि पाठाचा आरंभ आम्ही तेथूनच करतो. घाटात जेथे दरड कापली आहे तेथे खाली उतरून पाच मिनिटे उभे राहावे. काळ्या कातळाचे थर भिंतीतील रद्द्यांप्रमाणे एकावर एक बसलेले दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून तप्त रस पुनःपुन्हा वर येऊन पसरला व थिजला, त्याचे हे थर होत. काही थर घट्ट व अभेद्य, काही भेगाळलेले, काही पुरणपोळीस फोड यावेत तसे पोकळ्यांनी भरलेले असतात; दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे विटेसारख्या लाल मातीचा पट्टा आढळतो. पावसाचे पाणी वरच्या भेगांतून मुरत खाली येते, घट्ट थरावर आले की अडते, आणि आडवे सरकत दरडीच्या तोंडाशी पाझरते. भाद्रपदात हा पाझर डोळ्यांनी दिसतो. दरडीवर एका रेषेत शेवाळ व नेचे उगवलेले असतात. ती रेषा म्हणजेच दोन थरांचा सांधा. आपल्या विहिरीतील झरा हा याच जातीचा. विहिरीत आपण वाकून पाहतो तेच येथे उभ्याने पाहावयास मिळते.

डोंगरावरील पहिला दिवस कड्याच्या कडेने पायी फिरण्यात घालवावा. वाहनाने एका 'पॉइंट'वरून दुसऱ्या 'पॉइंट'वर धावणे ही आमच्या मते सहल नव्हे, ती नुसती हजेरी होय. हरिकेन पॉइंटवरून गाविलगडाची तटबंदी समोर दिसते. पंचबोल येथे हाक मारली असता दरीतून तिचे पडसाद फिरून फिरून येतात व मुले तेथून हलत नाहीत. भीमकुंडाची दरी पावसाळ्यात पाहताना डोळे फिरतात. या सर्व ठिकाणी जावे, पण ज्या ठिकाणी शेतकऱ्याने दोन तास बसावे असे आम्हांस वाटते ते देवी पॉइंट होय. तेथे कातळाच्या कपारीत देवीचे स्थान आहे, आणि कपारीच्या छतातून पाणी ठिबकत असते. येथेच चंद्रभागेचा उगम मानतात. पंढरपूरची ती चंद्रभागा ही नव्हे. ही डोंगर उतरून अचलपूर व दर्यापूर भागातून वाहत पूर्णेस मिळणारी वऱ्हाडची चंद्रभागा.

आमच्या वृद्ध सोबत्यांचे शेत याच नदीच्या काठी आहे. त्यांनी ओंजळ छताखाली धरली. थेंब पडत राहिले, ओंजळ भरण्यास बराच वेळ लागला, आणि तोपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सत्तर वर्षे हिच्या काठी काढली बापा, हिचं माहेर आज पाहिलं." मंडळींतील स्त्रियांनी देवीस हळदकुंकू वाहिले. आम्ही खिशातील घड्याळ काढून, लोटा भरण्यास किती वेळ लागतो ते मोजून वहीत टिपले. दोन्ही कृत्ये त्या जागी शोभून दिसली असे आम्हांस वाटते.

दुसऱ्या दिवसाचा विषय पाणलोट. चिखलदऱ्याच्या पठारावरून फिरताना एक गोष्ट मुलांकडून करवून घ्यावी. भर पावसानंतर जमिनीवरून वाहणाऱ्या लहान लहान ओहोळांची दिशा त्यांना पाहावयास सांगावी. काही ओहोळ उत्तरेस जातात, काही दक्षिणेस. उत्तरेस गेलेले पाणी सिपना, गाडगा, खापरा यांसारख्या मेळघाटातील नद्यांतून सरळ तापीस जाते. दक्षिणेस गेलेले पाणी चंद्रभागा, शहानूर, सापन या वाटांनी मैदानात उतरते व पूर्णेस मिळते. आणि पूर्णा पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेवापाशी तापीस मिळते. एकाच ढगातून हातभर अंतरावर पडलेले दोन थेंब डोंगराच्या पाठीवर एकमेकांस पाठमोरे होतात व इतक्या मुलखास वळसा घालून चांगदेवास पुन्हा भेटतात. आमच्याबरोबरच्या मुलांनी दोन पळसाची पाने दोन ओहोळांत सोडून दिली व त्यांस निरोप दिला. नकाशावर हा विषय शिकविण्यास मास्तरांस आठवडा लागला असता.

या दोन वाटांपैकी दक्षिणेची वाट आपल्या बहुतेक वाचकांच्या कामाची. डोंगर संपून मैदान लागते तेथे दगडगोट्यांचा व भरड वाळूचा एक पट्टा सातपुड्याच्या पायथ्याने गेलेला आहे. डोंगरातून वेगाने आलेली नदी येथे उतार मोडल्यामुळे आपले ओझे टाकते; जड गोटे आधी, वाळू नंतर, आणि बारीक गाळ पुढे पूर्णेच्या खोऱ्यात. गोट्यांच्या पट्ट्यात पाणी चाळणीत ओतल्याप्रमाणे मुरते. याच मुरलेल्या पाण्यावर खालच्या संत्राबागांची, अंजनगावच्या पानमळ्यांची व पानपिंपरीची मदार राहिली आहे. त्याहून खाली गेले की अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्टा लागतो. तेथे काळी माती पुरुषभर नव्हे, कित्येक पुरुष खोल आहे, पण विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. तेथील गावांस गोड पाणी डोंगराच्या पायथ्याच्या शहानूरसारख्या धरणांतून नळाने न्यावे लागते. तेव्हा डोंगरावर पाऊस किती पडतो यापेक्षा तो किती मुरतो व किती नुसताच पळून जातो, हा प्रश्न अचलपूरपासून दर्यापूरपर्यंत प्रत्येक घराचा आहे. चिखलदऱ्यास पाऊस मैदानापेक्षा जवळजवळ दुप्पट पडतो. एका एकरावर एक इंच पाऊस पडला तर ते पाणी सुमारे १ लाख लिटर भरते. हा आकडा आम्ही सांगितला तेव्हा आमच्या सोबत्यांनी तो वहीत लिहून घेतला, आणि खाली आपल्या बागेचे एकर लिहून गुणाकार करीत बसले.

आता एक प्रयोग सांगतो, ज्यास दोन पांढऱ्या काचेच्या बाटल्यांवाचून काही लागत नाही. पाऊस पडून गेल्यावर एक बाटली दाट जंगलातून येणाऱ्या ओढ्यातून भरावी. दुसरी अशा नाल्यातून, ज्याच्या वर उघडा नांगरलेला उतार अथवा नवीन खोदलेली दरड आहे. दोन्ही बाटल्या रात्रभर खोलीच्या खिडकीत न हलविता ठेवाव्यात. सकाळी आमच्या पहिल्या बाटलीच्या तळाशी नखाएवढा थर होता, दुसरीच्या तळाशी दोन बोटे. पाऊस एकच, डोंगर एकच. जंगलात थेंबाचा मार आधी पानावर बसतो, मग पाचोळ्यावर. जमिनीस तो लागतो तेव्हा त्याचा जोर गेलेला असतो, आणि मुळांनी केलेल्या वाटांतून पाणी आत जाते. उघड्या जमिनीवर थेंब हातोड्याप्रमाणे बसतो, माती उडते, तिच्या चिखलाने जमिनीची छिद्रे बुजतात, आणि मागचे पाणी मुरण्याऐवजी पळू लागते. एका एकरावरून नुसती एक मिलिमीटर जाडीची माती गेली तर ती सुमारे ४ घनमीटर, म्हणजे दीड ब्रासच्या आसपास भरते. तेवढी माती कोणी रात्री ट्रॅक्टरने चोरून नेली तर आपण ठाण्यावर जाऊ. पावसाने नेली तर आपल्यास पत्ताही लागत नाही. ही बाटली घरी आणून आपल्या शेतातील नाल्याच्या पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवावी. आम्ही ठेवली. आमच्या बाटलीत किती बोटे माती बसली हे येथे लिहिण्याची आम्हांस लाज वाटते.

गाविलगडास एक पूर्ण दिवस द्यावा. बहामनी सुलतान अहमदशहाने सन १४२५ मध्ये हा किल्ला बांधविला असे सांगतात. गवळ्यांची वस्ती त्याहून जुनी, व नाव त्यांचेच. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला. सन १८०३ च्या डिसेंबरच्या १५ तारखेस वेलस्ली व स्टीव्हन्सन यांच्या फौजांनी तो घेतला. स्टीव्हन्सनच्या लोकांनी उत्तरेच्या बाजूस अवजड तोफा आणल्या त्या डोंगरातून स्वतः वाट करीत, बहुतेक सर्व अंतर माणसांच्या हातांनी ओढून. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला, आणि दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरास, देवगावच्या तहाने रघूजी भोसल्यांस वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड व कटक सोडावे लागले. या दरवाजांतून चालताना नागपूरच्या मनुष्यास थोडे जड वाटल्यावाचून राहत नाही. दिल्ली दरवाजावरील शार्दूल व गंडभेरुंड यांचे कोरीव काम मुलांस अवश्य दाखवावे. परंतु आमचे म्हणणे असे की, शेतकऱ्याने तटापेक्षा किल्ल्यातील तलाव अधिक वेळ पाहावेत. एवढ्या उंचीवर, जेथे नदी येऊ शकत नाही व विहीर लागण्याचा भरवसा नाही, तेथे एवढी शिबंदी बारा महिने राहिली ती केवळ पठारावर पडणाऱ्या पावसावर. पठाराचा उतार कोणत्या बाजूस, पाणी कोठे गोळा होते, बांध कोठे घातला, सांडवा कोठे सोडला, हे सर्व आजही फिरून पाहता येते. आमच्या सोबत्यांनी एका तलावाचा बांध पावलांनी मोजला. तोफा पाहण्यास ते आले नाहीत.

चिखलदरा हे मैदानापेक्षा सुमारे अडीच हजार फूट उंच आहे, आणि दर हजार फुटांस उष्णता साधारण २ अंश सेल्सिअसने उतरते. म्हणून अमरावती तापली असता येथे ५ अंशांचा दिलासा मिळतो. याच कारणाने येथे सावलीतील कॉफीची झुडपे दिसतात, जी महाराष्ट्रात इतरत्र क्वचितच आढळतील, व मोथ्याच्या बाजूस अलीकडे स्ट्रॉबेरी लावतात. आपल्या वाचकांपैकी कोणास ती पाहून मोह होईल म्हणून सांगतो : नाजूक फळ, घाटाचा रस्ता व दूरचा बाजार यांचा हिशेब आधी लागवड करणाऱ्यालाच विचारावा. आम्हांस त्याहून अधिक शिकण्यासारखी वाटली ती कोरकू शेतकऱ्यांची कुटकी व कोदो. उथळ, दगडाळ, उताराची जमीन. तीतून ते थोडक्या खर्चात पोटापुरते धान्य काढतात. त्यांच्या शेतात जावयाचे तर रामराम करून, परवानगी घेऊन जावे, आणि छायाचित्र घेण्याची घाई करू नये. पाहुणा शेतकरी आहे असे कळले की बोलणे आपोआप निघते. आमच्यातील स्त्रियांनी तेथील बायकांशी मोहफुले वाळविण्यावरून जो संवाद आरंभिला तो संपविण्यास आम्हांस दोनदा हाक मारावी लागली.

आता आमच्या हातून घडलेली चूक सांगणे प्राप्त आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका ओढ्याच्या पात्रात शिदोरी सोडली. जागेचे नाव देत नाही, कारण अशा जागा त्या डोंगरात पुष्कळ आहेत. सकाळीच एका गवळ्याने आम्हांस सांगितले होते की, पात्रात बसू नका, वर पाऊस आहे. आम्ही आकाशाकडे पाहिले. डोक्यावर ऊन होते. मुले गुडघाभर निवळ पाण्यात खेळत होती. प्रथम पाण्याचा रंग किंचित चहासारखा झाला. मग त्यावर पाचोळा व काड्या येऊ लागल्या. मग लाकडी पुलावरून भरलेली गाडी जावी तसा आवाज वरून आला. तो आवाज आमच्या वृद्ध सोबत्यांनी ओळखला. ते ओरडले, "पूर! वर चढा!" धाकट्या मुलाचा पाय गोट्यावरून निसटला व तो बसला तोच त्यांनी त्याची कॉलर धरून त्यास वर ओढले. पान खाण्यास लागतो तेवढ्या वेळात आम्ही बसलो होतो तो कातळ पाण्याखाली गेला. शिदोरीची दोन गाठोडी व एक जोडा गेला, मूल राहिले. डोंगरातील ओढ्यास डोक्यावरच्या आकाशाशी कर्तव्य नसते, त्यास उगमावरच्या आकाशाशी असते, हे दोन दिवस इतरांस समजावून सांगणारे आम्हीच, त्या पात्रात ऐसपैस बसलो होतो. गवळ्याच्या शब्दास आम्ही हसलो होतो याची खंत आम्हांस अधिक वाटते. पाण्याचा रंग पालटणे, पाचोळा येणे, निष्कारण प्रवाह वाढणे किंवा वरून घुमणारा आवाज येणे, यांपैकी एकही खूण दिसली की सामान सोडून पात्राबाहेर निघावे. प्रवाह ओलांडून पलीकडे जाण्याचा यत्न करू नये. ज्या काठास असू त्याच काठाने चढावे.

कड्यांवर धुके उतरले असता कठड्याच्या पलीकडे पाऊल टाकू नये, व मोबाइलवर छायाचित्र घेण्यासाठी पाठमोरे चालू नये. पायात घसरणार नाही असा जोडा, अंगावर घोंगडी अथवा चांगली पावसाळी, रात्री मच्छरदाणी, एक विजेरी, वही, पेन्सिल व त्या दोन बाटल्या एवढे सामान पुरे.

मेळघाटचे वन सन १९७४ पासून व्याघ्रप्रकल्पात आहे, व देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत त्याची गणना होते. त्यात परवानगी व वाटाड्यावाचून शिरता येत नाही, आणि तसे शिरूही नये. माघातील फेरीत सेमाडोहहून वनखात्याच्या गाडीने जावे. वाघ दिसेलच असे मानून गेलेला मनुष्य हिरमुसून परततो. साग, मोह, तेंदू, ऐन, हलदू यांची ओळख करून घेण्यास निघालेल्याचा दिवस वाया जात नाही. याच रानात रानपिंगळा राहतो. सन १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षे ज्याची खात्रीलायक नोंद कोणास मिळाली नव्हती, असा हा लहान घुबडाच्या जातीचा पक्षी सन १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या रानात पुन्हा सापडला, आणि पुढे मेळघाटातही आढळला. तलावातील नौका, दोरीवरून लोंबकळत दरीवरून जाणे इत्यादी नव्या करमणुकी चिखलदऱ्यास आहेत. मुलांस त्या आवडतात. मोठ्यांनी काठावर बसून रबडी खावी.

माघात आम्ही पाचच जण पुन्हा गेलो. ओहोळ आटले होते, जंगलातील ओढ्यात कातळाच्या कुशीने बोटभर धार चालू होती, आणि उघड्या उताराखालचा नाला पांढरा पडला होता. देवीच्या कपारीत तोच लोटा, त्याच थेंबांखाली धरला. भाद्रपदात जितक्या वेळात तो भरला होता तेवढ्या वेळात त्याचा तळही झाकला नाही. पण ठिबकणे थांबलेले नव्हते. आमचे वृद्ध सोबती या खेपेस स्वतः घड्याळ घेऊन बसले होते. त्यांनी तिसरी बोअर घेतलेली नाही. त्या पैशांतून त्यांनी आपल्या व शेजाऱ्याच्या शेतांमधील नाल्यावर तीन ठिकाणी दगडी बांध घातले, उतारास आडवे चर काढले, आणि बांधावर मुलाकडून बांबू लावून घेतला. शेजाऱ्याने प्रथम धुऱ्यावरून तंटा केला. मग त्यास डोंगरावर नेण्याचे ठरले. एका पावसाळ्यावरून विहिरीचा निकाल लावू नये, असे ते स्वतःच म्हणतात. बागेतील झाडे मात्र अजून उभी आहेत.

जे वाचक पुढील पोळ्यानंतर चिखलदऱ्यास जातील त्यांनी देवी पॉइंटच्या कपारीखाली लोटा भरण्यास लागलेला वेळ, त्या दिवसाची तिथी व लोट्याचे माप लिहून आमच्या धंतोलीच्या पत्त्यावर कळवावे. माघात पुन्हा गेल्यास तोच लोटा न्यावा. माप बदलले तर मोजणीचा उपयोग नाही.